युद्धभूमीचा निसर्गचित्रकार : पॉल नॅश

रणांगणाचे चित्र म्हटले की उधळलेले घोडे, उगारलेली शस्त्रे आणि विजयी सेनानी डोळ्यांसमोर येतात. ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश यांच्या युद्धचित्रांत यांपैकी जवळजवळ काहीच आढळत नाही. तेथे दिसते ती उद्ध्वस्त झालेली जमीन, जळून उरलेले वृक्षांचे बुंधे आणि पाण्याने भरलेले तोफगोळ्यांचे खड्डे. युद्धाचा घाव माणसांबरोबर भूमीवरही बसतो, हे त्यांनी दोन्ही महायुद्धांत चित्रांतून मांडले. त्यांच्या निधनाला सात दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी या चित्रांचा प्रभाव ओसरलेला नाही.

नॅश यांचा जन्म ११ मे १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. लंडनच्या प्रसिद्ध स्लेड कलाशाळेत त्यांनी अल्पकाळ शिक्षण घेतले. मानवाकृतींच्या रेखाटनात त्यांना फारशी गती नव्हती. मन रमले ते झाडे, टेकड्या आणि आकाशात. झाडे आपण माणसांसारखी रंगवू पाहतो, असे त्यांनी १९१२ मध्ये गॉर्डन बॉटमली या कविमित्राला कळविले होते. पुढे युद्धभूमीवरील छिन्नविच्छिन्न वृक्ष त्यांच्या चित्रांत मृत सैनिकांच्या जागी उभे राहिले, त्याचे बीज या दृष्टीत होते.

१९१४ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि १९१७ च्या प्रारंभी बेल्जियममधील ईप्र आघाडीवर पोहोचले. तेव्हा वसंत ऋतू येऊ घातला होता. खंदकांच्या काठावरही हिरवळ उगवत असल्याचे ते पत्रांतून पत्नी मार्गारेट यांना हरखून कळवीत. मे महिन्यात रात्रीच्या अंधारात खंदकात पडून त्यांची बरगडी मोडली आणि त्यांना मायदेशी पाठविण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच ‘हिल ६०’ येथील चढाईत त्यांच्या तुकडीतील अनेक सहकारी मारले गेले. एका क्षुल्लक अपघाताने नॅश यांचे प्राण वाचविले होते.

नोव्हेंबर १९१७ मध्ये ते अधिकृत युद्धचित्रकार म्हणून त्याच भूमीवर परतले. पाशेनडेलची लढाई त्याच महिन्यात संपली. अखंड पाऊस आणि तोफांचा मारा यांनी सारा प्रदेश चिखलाच्या दलदलीत बदलला होता; वसंतातील हिरवळीचा मागमूसही उरला नव्हता. आपण आता केवळ कुतूहलाने पाहणारे कलावंत राहिलो नसून, लढणाऱ्यांचा निरोप युद्ध लांबवू पाहणाऱ्यांपर्यंत नेणारे दूत आहोत, अशा आशयाचे पत्र त्यांनी पत्नीला लिहिले.

तो निरोप १९१८ मध्ये ‘वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ (आम्ही नवे जग घडवीत आहोत) या तैलचित्रात उतरला. रक्तवर्णी ढगांआडून सूर्य वर येतो आणि त्याच्या प्रकाशात दिसतात ती निष्पर्ण खोडे व उंचसखल माती. चित्रात एकही माणूस नाही. शीर्षकातील उपरोध मात्र स्पष्ट आहे. ज्या शासनाने युद्धप्रयत्नांच्या नोंदीसाठी चित्रकाराला पाठविले, त्याच्याच संग्रहात युद्धाविरुद्धचा इतका तीव्र दस्तऐवज जमा झाला.

पाठोपाठ १९१९ मध्ये ‘द मेनिन रोड’ हे दहा फुटांहून अधिक रुंदीचे भव्य चित्र पूर्ण झाले. नियोजित स्मृतिभवनासाठी ते काढून घेण्यात आले होते. ते भवन कधीच उभे राहिले नाही. भग्न वृक्षांच्या आणि डबक्यांच्या पसाऱ्यातून वाट शोधणारे सैनिक त्यात अगदी लहान दिसतात. याच मार्गाच्या तोंडाशी, ईप्र शहरात, १९२७ मध्ये मेनिन गेट हे स्मारक खुले झाले. ज्यांचे दफनस्थळही ठाऊक नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली असून, त्यांत अविभाजित भारतातून गेलेले जवानही आहेत.

युद्धोत्तर काळात नॅश मानसिक आघाताने खचले. केंट परगण्यातील डिमचर्च येथील समुद्र आणि त्याला थोपविणारी भिंत हा तेव्हा त्यांच्या चित्रांचा विषय झाला. पुढे एव्हबरी येथील प्राचीन पाषाणवर्तुळाने त्यांना आकर्षित केले. १९३६ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या आयोजनातही त्यांचा वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक हवाई मंत्रालयाकडे झाली. दम्यामुळे त्यांना विमानात बसणे शक्य नव्हते. वैमानिकांची व्यक्तिचित्रे हवी असलेल्या अधिकाऱ्यांना त्यांची शैली रुचली नाही आणि ही नेमणूक अल्पजीवी ठरली. परंतु युद्धचित्रकार समितीचे अध्यक्ष केनेथ क्लार्क त्यांच्या पाठीशी राहिले. ऑक्सफर्डजवळील काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांचे अवशेष साठविले जात. त्यावरून साकारलेल्या ‘टोटेस मेअर’ (मृत समुद्र) या १९४०-४१ मधील चित्रात मोडके पंख चांदण्यात गोठलेल्या लाटांसारखे दिसतात. शत्रूच्या पराभवाचे हे चित्र असूनही त्यात विजयाचा जल्लोष नाही.

अखेरच्या वर्षांत दम्याने त्यांचे हिंडणे-फिरणे मर्यादित झाले. तरुणपणी रंगविलेल्या विटनहॅम क्लम्प्स या वृक्षाच्छादित टेकड्या ते मित्रपरिवाराच्या घरातून दुर्बिणीने न्याहाळत आणि चंद्र-सूर्याच्या साक्षीने पुन्हा रंगवीत. ११ जुलै १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात २०१६-१७ मध्ये त्यांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यांची पहिल्या महायुद्धातील प्रमुख चित्रे इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये, तर ‘टोटेस मेअर’ टेटच्या संग्रहात आहे. कोण जिंकले आणि कोण हरले, हे या चित्रांतून कळत नाही. त्या भूमीवर काय घडले, ते मात्र कोणत्याही देशाच्या प्रेक्षकाला समजते.