सोलापूरच्या काळ्या मातीतलं मॅग्नेटाइट: इलेक्ट्रॉन थांबतात तेव्हा काय होतं?

चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोलापूरच्या कोरड्या काळ्या मातीतून फिरवा. पिशवीला बारीक काळे कण चिकटतात. मी हे बऱ्याचदा करून बघितलंय. (चुंबक मोबाईलपासून लांब ठेवा, नाहीतर कंपास चुकीची दिशा दाखवेल.) हे कण दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून आलेले. त्यात असतं मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड, आणि त्यात मिसळलेलं टायटॅनियम.

एक जादा इलेक्ट्रॉन

मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे तीन अणू असतील, तर ऑक्सिजनचे चार. त्या तिनांपैकी दोघांत मिळून एक जादा इलेक्ट्रॉन असतो. नेहमीच्या तापमानाला तो या अणूवरून त्या अणूवर उड्या मारतो, म्हणून वीज बऱ्यापैकी वाहते.

थंड केल्यावर

१९३९ मध्ये डच शास्त्रज्ञ एव्हर्ट व्हेरवे यांनी दाखवलं, की सुमारे १२५ केल्विनला (उणे १४८ अंश सेल्सिअस) विजेला होणारा विरोध एकदम साधारण शंभरपट वाढतो. त्यांचं म्हणणं, इलेक्ट्रॉन ठरावीक जागा धरून बसतात. यालाच इलेक्ट्रॉनांचा क्रम म्हणतात. त्याच वेळी स्फटिकाची चौकोनी रचनाही किंचित तिरकी होते.

जाळीचा यात काय संबंध?

सोलापुरी चादर चौघांनी ताणून धरलीय, वर एक लिंबू ठेवलंय, असं समजा. लिंबाखाली खळगा पडतो आणि ते तिथेच अडकतं. चादर हलवली की पुढच्या खळग्यात जातं. इथे लिंबू म्हणजे इलेक्ट्रॉन आणि चादर म्हणजे अणूंची जाळी. इलेक्ट्रॉन बसला की शेजारचे ऑक्सिजन अणू थोडे बाहेर सरकतात. उष्णतेने जाळी थरथरते, तेव्हा त्याला उडी मारता येते. थंडीत थरथर कमी झाली, की सगळेच अडकतात.

पण चादरीवर लिंबं अनेक आहेत. एकाचा खळगा दुसऱ्याची जागा ठरवतो. त्यामुळे ‘आधी इलेक्ट्रॉन की आधी जाळी?’ हा वाद कित्येक वर्षं चालला. २०१२ मध्ये क्ष-किरणांनी दिसलं, की हा इलेक्ट्रॉन एकाच अणूवर नसून ओळीतल्या तीन अणूंवर पसरलेला असतो. या तिकडीला ट्रायमेरॉन म्हणतात.

मग आपल्या मातीतले कण?

हा क्रम फार नाजूक असतो. थोडं टायटॅनियम मिसळलं तरी तो बिघडतो. म्हणून खडकातलं मॅग्नेटाइट शुद्ध आहे का, हे ओळखायला भूशास्त्रज्ञ तो थंड करून हाच बदल शोधतात.