सोनेरी ड्रॅगनचा बाजारभाव

सुरुवातीलाच एक छोटं गणित करू या. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ पहिल्यांदा विकायला आला, तेव्हा तो तीन लहान पुस्तिकांचा होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यातली दुसरी पुस्तिका राक्षस आणि खजिना यांच्याबद्दल आहे. तिच्यात ड्रॅगनचे सहा रंग दिलेत: पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. सोनेरी सगळ्यांत ताकदवान, दहा ते बारा फाशांचा. ड्रॅगन जितका म्हातारा तितके दर फाशामागे हिट पॉइंट जास्त, कमाल सहा. म्हणजे खूप म्हातारा, बारा फाशांचा सोनेरी ड्रॅगन झाला ७२ हिट पॉइंटचा.

आता पुढचा नियम वाचा. ड्रॅगनला ठार मारलंच पाहिजे असं नाही. जीव न घेता झोडपून त्याला नमवता येतं. आतापर्यंत बसलेला मार त्याच्या एकूण हिट पॉइंटच्या किती टक्के झाला ते दर फेरीला काढायचं आणि टक्केवारीचे फासे टाकायचे. आकडा त्याच्या आत आला की ड्रॅगन शरण. शरण आलेला ड्रॅगन तुमचं ऐकतो (संधी मिळेपर्यंत), आणि नको असेल तर बाजारात विकता येतो. भाव दर हिट पॉइंटला ५०० ते १००० सोन्याची नाणी. आपला म्हातारा सोनेरी ड्रॅगन कमीत कमी ३६,००० ला आणि जास्तीत जास्त ७२,००० ला जाईल.

गंमत अशी की सहा रंगांत हा एकच ड्रॅगन ‘लॉफुल’ आहे, म्हणजे सुव्यवस्थेच्या बाजूचा. पुस्तिका त्याला नियमाला अपवाद म्हणते. तो जादू जाणतो आणि बहुतेक वेळा वेगळ्याच रूपात वावरतो. ज्याच्याशी बोलावं, ज्याचा सल्ला घ्यावा असा एकमेव ड्रॅगन, आणि बाजारात सगळ्यांत जास्त भावही त्यालाच.

मी पीएचडीसाठी या खेळांच्या नियमपुस्तिका वाचते असं सांगितलं की लोक सहसा विचारतात, “यात वाचण्यासारखं काय आहे?” त्यांना मी हा सोनेरी ड्रॅगन दाखवते. उदात्त, शब्दाला जागणारा ड्रॅगन आज फँटसी खेळांत इतका रुळलाय की तो युरोपातल्या जुन्या दंतकथांमधून जसाच्या तसा आला असावा असं आपण गृहीत धरतो. तसं नाहीये. ‘बेओवुल्फ’मधला ड्रॅगन खजिन्यावर बसतो, एक पेला चोरीला गेला म्हणून गावं जाळतो. फाफ्नीर तर हावेपायीच ड्रॅगन झालेला. संत जॉर्जचा ड्रॅगन माणसं खातो. टोलकीनचा स्मॉग (१९३७) याच घराण्यातला. केनेथ ग्रॅहमने १८९८ मध्ये एक गरीब, कविता करणारा ड्रॅगन लिहिला होता, पण ती या घराण्याची थट्टा होती. गुप्तधनावर बसलेला भुजंग आपल्याला माहीत आहे, म्हणून हे चित्र आपल्याला परकं वाटत नाही. मात्र त्या भुजंगाने कुणाला वचन दिल्याचं आपणही ऐकलेलं नसतं.

मग हा सद्गुणी ड्रॅगन आला कुठून? दोन वाटांनी, असं माझं मत आहे.

पहिली वाट चीनकडची. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक ड्रॅगनला गमतीचं लॅटिनसारखं शास्त्रीय नाव दिलंय. सोनेरीचं नाव ‘ड्रॅको ओरिएंटालस सायनो डक्स’, म्हणजे साधारण ‘पूर्वेकडचा, चिनी, नेता’. चित्रातही लांबलचक नागमोडी अंग आणि मिशा. त्याचं खाणं काय, तर मोती आणि लहान रत्नं. चिनी चित्रांत ड्रॅगनसमोर मोती असतोच, तो इथे थेट त्याच्या ताटात पडलाय! चिनी परंपरेत ड्रॅगन पावसाचा, नद्यांचा, सम्राटाचा. त्याला मारणं हा पराक्रम नाही. थोडक्यात, पाच रंग युरोपचे आणि सहावा चीनचा अशी ती यादी आहे. १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’त चिनी ड्रॅगनना स्वतंत्र नोंदी मिळाल्या, तरी सोनेरीच्या मिशा काही गेल्या नाहीत. आजही आहेत.

दुसरी वाट युद्धखेळांची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७४ मध्ये ‘लॉ’ म्हणजे चांगुलपणा नव्हे. लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस या तीन बाजू होत्या, पटावर सैन्यं लावताना असतात तशा. त्यामागची कल्पना पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’सारख्या कादंबऱ्यांमधली आणि मायकल मूरकॉकच्या कथांमधली. सोनेरी ड्रॅगन ‘लॉफुल’ याचा अर्थ एवढाच की लढाई झाली तर तो कुठल्या बाजूला उभा राहील. तो खोटं बोलेल का, दिलेला शब्द मोडेल का, हे प्रश्न तेव्हा कुणाला पडलेलेच नव्हते. खेळाचा हेतूही तसा नव्हता. एक सोन्याचं नाणं घरी आणलं की अनुभवाचा एक गुण, असा हिशोब होता. अशा खेळात ड्रॅगन म्हणजे मुख्यतः ढीगभर नाणी आणि त्यांच्यावर बसलेली अडचण.

बदल लिहिता लिहिता झाला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ब्रास, कॉपर, ब्राँझ आणि सिल्व्हर असे आणखी धातूंचे ड्रॅगन आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्सने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून सुव्यवस्था–अराजक या रेषेला चांगलं–वाईट ही दुसरी रेषा छेद देते असं मांडलं. १९७७ मध्ये सोनेरी, चंदेरी आणि ब्राँझ ड्रॅगन ‘लॉफुल गुड’ झाले. चंदेरीचं शास्त्रीय नावच ‘ड्रॅको नोबिलिस’, उमराव ड्रॅगन. तो माणसांत येतो तेव्हा प्रेमळ म्हातारा किंवा सुंदर तरुणी होऊन येतो. सगळ्यांच्या वर बाहामूत, पूर्वेच्या वाऱ्यामागे महालात राहणारा प्लॅटिनमचा ड्रॅगन, सोबत सात सोनेरी ड्रॅगन. (बाहामूत हे नाव मात्र अरबी विश्ववर्णनातल्या पृथ्वी तोलून धरणाऱ्या अजस्र माशाचं. मासा ड्रॅगन कसा झाला यावर पुन्हा कधीतरी.)

इथे खेळणाऱ्यांची पंचाईत झाली. तुमचा पॅलाडिन चांगला, ड्रॅगनही चांगला. मारायचा कसा? लुटायचा कसा? आणि मारायचा-लुटायचा नसेल तर पुस्तकात त्याचे हिट पॉइंट कशाला? नमवून विकायचा नियम १९८१ च्या बेसिक संचातही तसाच होता, आणि सोनेरी ड्रॅगनही. दोन्ही एकाच नोंदीत सुखाने नांदत होते.

ही कोंडी फोडली ‘ड्रॅगनलान्स’ने. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांचं हे काम, १९८४ पासून साहसपुस्तिका आणि कादंबऱ्या अशा दोन्ही रूपांत आलेलं. इथल्या जगात युद्ध पेटलंय, वाईट ड्रॅगन शहरं जाळतायत आणि चांगल्या ड्रॅगनांचा पत्ता नाही. का? ते झोपेत असताना त्यांची अंडी चोरीला गेली. अंडी सुखरूप परत हवी असतील तर युद्धात पडायचं नाही, अशी शपथ त्यांच्याकडून घेतली गेली. आणि शब्दाचे पक्के म्हणून ते गप्प बसलेत.

१९८५ च्या ‘ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट’मध्ये सिल्व्हारा नावाची एक जंगलात राहणारी एल्फ मुलगी भेटते. ती खरं तर चंदेरी ड्रॅगन. गिल्थानस या एल्फ राजपुत्रावर तिचं प्रेम बसलंय, आणि शपथ पाळायची की डोळ्यांसमोर मरणाऱ्यांना वाचवायचं हे तिला ठरवता येत नाहीये. शेवटी ती बोलते, म्हणजे शपथ मोडते. मग ती आणि गिल्थानस अंड्यांचा शोध घेतात, तेव्हा कळतं की अंडी केव्हाच भ्रष्ट केली गेली आहेत. पहिल्या भागापासून नायक ज्या ड्रॅकोनियन सैनिकांना कापत आलेत, ते या अंड्यांतूनच काढलेले आहेत.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते, हे कबूल करते. शपथ पाळणाऱ्यांची मुलं शत्रूच्या सैन्यात, आणि त्यांचे आईबाप नीतीने वागतोय म्हणून लांब उभे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर ‘सन्मान’ ही गोष्ट इथे नोंदीतल्या रकान्यातून बाहेर पडली. १९७७ चा सोनेरी ड्रॅगन ‘लॉफुल गुड’ होता, कारण तो सोनेरी होता. सिल्व्हारासमोर ‘लॉफुल’ एकीकडे ओढतं आणि ‘गुड’ दुसरीकडे. त्याच पुस्तकात स्टर्म हा सरदार आपल्या पंथाचे जाडजूड नियम आणि त्यांच्या मुळाशी असलेली शपथ यांच्यामध्ये अडकतो. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

तरीही एक गोष्ट तशीच राहिली, आणि आपल्या वाचकांना ती खुपेल. रंग पाहिला की स्वभाव कळला. लाल जन्मला तो क्रूर, चंदेरी जन्मला तो उमराव. जन्मावरून गुण ठरवणारी व्यवस्था काय असते हे महाराष्ट्रात बसून कुणी समजावून सांगावं लागत नाही. खेळाच्या जगात याला नीट फाटा दिला तो २००४ च्या ‘एबेरॉन’ने. कीथ बेकरच्या त्या जगात ड्रॅगनचा रंग आणि त्याची नीती यांचा संबंधच तोडलाय. तिथे सोनेरी ड्रॅगन दुष्ट निघू शकतो. चौथ्या आवृत्तीने (२००८ पासून) वेगळाच तोडगा काढला. धातूंच्या ड्रॅगनांवरचा चांगुलपणाचा शिक्का काढून त्यांना कुठल्याच बाजूचं ठेवलं नाही, म्हणजे खेळाडूंना त्यांच्याशी लढायला मोकळीक. मला हा तोडगा हिशोबनीसाचा वाटतो. अडचण सुटली, पण ज्यामुळे ड्रॅगन बघण्यासारखा झाला होता तेच गेलं.

२०१४ च्या ‘द राइज ऑफ टिआमाट’ या साहसात मला जे सापडलं ते जास्त आवडतं. टिआमाट या पाच डोक्यांच्या ड्रॅगनराणीला अडवायला खेळाडूंना धातूंच्या ड्रॅगनांची मदत हवी असते. त्यासाठी त्यांच्या परिषदेपुढे जाऊन बोलणी करावी लागतात. ते चांगले आहेत म्हणून लगेच हो म्हणत नाहीत. माणसांशी, एल्फ आणि ड्वार्फ लोकांशी त्यांची जुनी भांडणं आहेत, ती ते एकेक करून समोर ठेवतात आणि भरपाई मागतात. त्या बैठकीत एक सोनेरी ड्रॅगनही असतो. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा भाव पुस्तिकेत छापलेला होता. आता अटी तो घालतो.