दूरचा सल्लागार : कमी कामेच्छा, पत्रं आणि मोबाइल

आजचा विषय जाहीर केला तेव्हा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी विचारलं, हा इतिहासाचा विषय कसा? आणि काहींनी विचारलं, हे साकीनाक्यात, चारचौघांत बोलायचं कसं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर पुढच्या पाऊण तासात देऊ. दुसऱ्याचं उत्तर असं की हा विषय 'चारचौघांत बोलायचं कसं' या अडचणीचाच इतिहास आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या बाईला किंवा पुरुषाला शरीरसंबंधांची इच्छा होईनाशी झाली, बरेच महिने झाली नाही, आणि त्याचा मनाला त्रास व्हायला लागला, तर तिनं किंवा त्यानं कुणाकडे जायचं? आज सांगतात, ऑनलाइन उपचार आहेत. मोबाइलवर धडे येतात, समुपदेशक मेसेजवर उत्तर देतो, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. हे नवं वाटतं. पण न दिसणाऱ्या, दूर बसलेल्या जाणकाराला आपली गोष्ट सांगायची आणि उत्तराची वाट बघायची, ही रीत मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांची आहे. ती कशी चालली आणि कुठे अडली, हे पाहिलं तर आजच्या मोबाइलकडे जरा शहाणपणाने बघता येईल.

आधी नावाचं बघू. त्रास जुना, पण 'कमी कामेच्छा' हे स्वतंत्र निदान अगदी अलीकडचं आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी जोडीने १९७० साली लैंगिक अडचणींवरच्या उपचारांचं पुस्तक काढलं. त्यांचा भर होता शरीराच्या प्रतिसादावर. इच्छाच होत नाही, ही वेगळी तक्रार आहे, असं १९७७ मध्ये हेलन सिंगर कॅप्लन आणि हॅरॉल्ड लीफ या दोन मनोविकारतज्ज्ञांनी वेगवेगळं मांडलं. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ती दाखल झाली. १९८७ मध्ये नाव बदललं. २०१३ मध्ये स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी निदानं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लैंगिक आरोग्याचं प्रकरणच मानसिक आजारांपासून वेगळं केलं आहे. म्हणजे पन्नास वर्षांत नाव, जागा, व्याख्या, सगळं हललं. आजच्या व्याख्येत एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे : इच्छा कमी असणं म्हणजे आजार नव्हे. त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा त्रास होत असेल, तरच तो उपचाराचा विषय. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता मुंबईत येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्या कामापायी नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १४ ऑक्टोबर १९५३ ला वारले तोवर चालवलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या.

'समाजस्वास्थ्य' म्हटलं की आपल्याला खटले आठवतात. आम्हाला आज त्यातल्या प्रश्नोत्तरांकडे लक्ष वेधायचं आहे. वाचक पत्र लिहायचा, कर्वे छापील उत्तर द्यायचे. विचार करा, त्या काळी ही सोय काय होती. गावातला वैद्य तुमच्या वडिलांना ओळखणारा. डॉक्टर जातीतला, नात्यातला. पाकीट मात्र बंद. त्यावर मुंबईचा पत्ता घातला की ज्याचं तोंड आपण बघणार नाही आणि जो आपलं तोंड बघणार नाही, अशा माणसापर्यंत गोष्ट पोचायची. शिवाय छापलेलं उत्तर एकाला मिळायचं आणि वाचायचे अनेक. ज्याने पत्र लिहिलंच नाही त्यालाही कळायचं, की हे आपल्या एकट्याचं नाही.

या सोयीची किंमत कर्व्यांनी मोजली. १९३१ मध्ये एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला होताच. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. म्हणजे थेट प्रश्नोत्तरांवरच. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं.

पण एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि सुखावर तिचाही हक्क आहे, असं कर्वे बजावून सांगत होते. तरीही पत्र लिहायला आधी लिहिता यायला हवं. १९३१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता तीन टक्क्यांच्या आसपास होती. तिकीट आणायला, पत्र टाकायला घराबाहेर पडावं लागे, आणि उत्तराचा अंक घरात लपवायला जागा लागे. तेव्हा बंद पाकीट सगळ्यांना सारखं बंद नव्हतं.

कर्वे गेल्यावर ती जागा कोणी भरली? तुम्ही लोकलने येता-जाता ना, मग उत्तर तुम्हाला माहीत आहे. रुळांकडेच्या भिंतींवरच्या जाहिराती : 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'एकदा भेटा'. पुरुषांच्या मनातली धातू जाण्याची भीती हे या धंद्याचं भांडवल. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. अशा जाहिरातींना आळा घालणारा औषधे व जादूई उपचारांचा कायदा १९५४ पासून आहे, भिंती मात्र रंगतच राहिल्या. त्या भिंतींवर इच्छा नसलेल्या बाईसाठी काहीच लिहिलेलं नसे. तिचा त्रास कुणाला गिऱ्हाईक वाटलाच नाही.

चांगलं कामही होत होतं. भारतीय कुटुंब नियोजन संघटना १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. तिथे सत्तरच्या दशकात डॉ. महिंदर वत्स यांनी लैंगिक शिक्षण आणि समुपदेशनाचा आग्रह धरला. केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभू यांचं 'निरामय कामजीवन' घराघरांत पोचलं, कपाटाच्या आतल्या कप्प्यात का होईना.

वत्स साठच्या दशकापासून मासिकांतून सल्ला देत होते. पण शहराला ते माहीत झाले २००५ पासून, 'मुंबई मिरर'मधल्या रोजच्या सदरामुळे. वय ऐंशीच्या पुढे, उत्तरं दोन-चार ओळींची, मिश्कील आणि खरी. निनावी प्रश्न आता ईमेलनेही यायचे. कर्व्यांचं पाकीट इथे इंटरनेटवर आलं. डिसेंबर २०२० मध्ये ९६ व्या वर्षी ते वारले.

आता आजचे ऑनलाइन उपचार. सल्ल्याचं सदर आणि उपचार यांत फरक आहे, तो नीट समजून घ्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लॉरी ब्रॉटो यांच्या गटाने आणि जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी कमी इच्छेच्या त्रासासाठी ऑनलाइन कार्यक्रम तयार करून तपासले. साधारण रचना अशी : काही आठवडे क्रमाने धडे. पहिल्यांदा माहिती, शरीर कसं चालतं याची. मग मनातल्या विचारांची नोंद : 'माझ्यातच काहीतरी खोट आहे', 'नवरा चिडेल'. मग लक्ष वर्तमानात, अंगावरच्या संवेदनेत ठेवण्याचा सराव. मग जोडीदाराशी बोलण्याचे धडे. आणि स्पर्शाचे व्यायाम, मास्टर्स-जॉन्सन यांच्या वेळचे : संभोग काही काळ बाजूला ठेवायचा आणि कसलीही अपेक्षा न ठेवता नुसता स्पर्श अनुभवायचा. व्हँकुव्हरच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलेलं एक सूत्रही यात असतं : इच्छा नेहमी आधीच येते असं नाही. जवळीक, विश्वास, निवांतपणा मिळाला तर ती मागाहूनही जागी होते.

हे उपयोगी आहे. पण थायरॉइड, मधुमेह, नैराश्य, नैराश्यावरचीच काही औषधं, बाळंतपण, रजोनिवृत्ती, संबंधांच्या वेळचं दुखणं, यांनीही इच्छा कमी होते. ते शोधायला डॉक्टरांची तपासणी लागते, धडे पुरत नाहीत.

आपल्याकडे २५ मार्च २०२० ला दूरवैद्यकाचे नियम आले. मेसेज, फोन, व्हिडिओ, तिन्हींना मान्यता मिळाली. त्यातला एक नियम इतिहासाच्या दृष्टीने फार बोलका आहे : सल्ला निनावी असता कामा नये. डॉक्टरला रुग्ण कोण हे कळलं पाहिजे आणि रुग्णाला डॉक्टर कोण हे. कारण उघड आहे, जबाबदारी. भिंतीवरचा 'वैद्य' आता मोबाइलवर जाहिरात करतो. त्याच्यापासून वाचायचं तर नोंदणी क्रमांक विचारता आला पाहिजे. पण शंभर वर्षं ज्या निनावीपणाच्या आधारावर लोक बोलले, तो इथे सुटतो. म्हणून आम्हाला वाटतं, दोन्ही दारं उघडी हवीत. पहिलं निनावी, नुसतं विचारायला. आणि त्यातून धीर आला की दुसरं, नावाचं.

आता साकीनाक्याकडे या. जून २०१४ मध्ये इथे मेट्रो आली. खाली अंधेरी-कुर्ला रस्ता तसाच तुंबलेला, आणि गल्ल्यांमधून कारखाने, गाळे, वर पोटमाळे. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, मुलं, गावाहून आलेला दीर. मोबाइल एक, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. त्या घरातल्या बाईला आपण सांगणार : रोज निवांत वीस मिनिटं काढा, दार लावा, धडा ऐका. कुठलं दार? १९३१ ला तिच्याकडे अक्षर नव्हतं. आज अक्षर आहे, फोन आहे, खोली नाही.

तेव्हा तिचा त्रास आजार की थकवा, हे आधी विचारावं लागेल. दोन पाळ्यांचं काम, पहाटेचं पाणी भरणं, पातळ पडद्यापलीकडे जागी मुलं. यात इच्छा झाली नाही तर खोट तिच्यात आहे, असं म्हणायचं कसं? आणि आता ते मघाचं वाक्य : त्रास तिचा स्वतःचा हवा. नवऱ्याच्या तक्रारीवरून बायकोचा उपचार सुरू झाला, तर तो उपचार नव्हे, दबाव. समुपदेशकाने तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय पहिला धडा पाठवू नये. आणि 'मला नको आहे' हे उत्तरही तिला देता आलं पाहिजे.

काही गोष्टी मात्र उद्यापासून होऊ शकतात. पालिकेच्या दवाखान्यात बाळंतपणानंतरच्या तपासणीला बाई तशीही एकटी आत जाते. तिथे हा एक प्रश्न विचारायला हवा. धडे मराठीत आणि हिंदीत, ऐकायचे, कानात घालून बसमध्ये ऐकता येतील असे, आणि ऐकून झाल्यावर फोनवर खूण राहणार नाही असे हवेत.

कर्व्यांना दंड झाला तो उत्तरं दिल्याबद्दल. आज उत्तर देणाऱ्यावर सहसा खटला होत नाही. प्रश्न विचारायला जागा मिळत नाही, हे आजचं दुखणं आहे. इथून निघाल्यावर आपल्या घरात अशी जागा कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढं प्रत्येकाने पाहावं. आता तुमचे प्रश्न घेऊ. चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालेल. नाव घालायची गरज नाही.