राजीनामा

राजीनामा : संमती नोंदविणारा लेख, असा मूळ अर्थ असलेला व मराठीत पुढे पदत्यागपत्र या अर्थी रूढ झालेला शब्द. अरबी ‘राजी’ (संतुष्ट, कबूल) आणि फार्सी ‘नामा’ (पत्र, लेख) यांपासून तो बनला आहे. ‘मर्जी’, ‘रजा’ (मुळात अनुमती) व ‘नाराज’ हे मराठीतील शब्दही त्याच अरबी धातूशी संबंधित आहेत.

पेशवाईत दिवाणी वाद पंचायतीपुढे आला, म्हणजे वादी व प्रतिवादी यांच्याकडून राजीनामा घेत. पंचांचा निर्णय आपणांस मान्य राहील, अशी कबुली त्यात असे. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. निवाड्यानंतर हरलेला पक्ष येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, लिहून देई. अशा रीतीने पंचायतीच्या निर्णयाला पक्षकारांच्या लेखी संमतीचा आधार मिळे.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत या शब्दास वेगळे वळण लागले. जमीन सोडणारा खातेदार सरकारास राजीनामा देई व ती घेणारा कबुलायत लिहून देई. लेखी सूचना देऊन जमीन सोडण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमातही होती. कर्जापायी जमीन दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्या कुणब्याचा कागदही ‘राजी’नामाच म्हणविला जाई. संमतीकडून हक्कत्यागाकडे व तेथून पदत्यागाकडे झालेले अर्थांतर या व्यवहारामुळे सुलभ झाले असावे.

गुजराती, कन्नड व तेलुगू या भाषांतही हा शब्द पदत्यागवाचक आहे. हिंदी-उर्दूत मात्र ‘राजीनामा’ म्हणजे वादातील तडजोड. पदत्यागास तेथे ‘इस्तीफा’ म्हणतात.

मूळ अर्थाचे महत्त्व मात्र लोपलेले नाही. दडपण आणून विधानसभा सदस्यांचे राजीनामे घेण्याचे प्रकार घडल्यावर १९७४ मध्ये ३३ वी घटनादुरुस्ती करण्यात आली. राजीनामा स्वेच्छेने दिलेला अथवा खरा नाही, अशी खात्री पटल्यास तो न स्वीकारण्याचे बंधन तिने अध्यक्ष व सभापती यांच्यावर घातले. राजीनाम्यामागे देणाऱ्याची खरी संमती असली पाहिजे, हे तत्त्व त्यातून पुन्हा मान्य झाले.