मिरचीचा ठसका आणि निळं पाणी

डोळे मिटा. उघडाल तेव्हा वाशीच्या मसाला मार्केटात असाल, साल 2000. पहिल्याच श्वासाला ठसका लागेल. घाबरू नका, इथं सगळ्यांनाच लागतो. गाळ्यागाळ्यांतून लाल मिरचीची पोती छतापर्यंत रचलेली, हळदीची धूळ घामावर बसून मनगटं पिवळी झालेली. "बाजूला व्हा, पाव्हणं!" पाठीवर पोतं घेतलेला साताऱ्याकडचा माथाडी तुम्हाला खांद्यानंच सरकवतो. त्याच्या मागून धण्याचा वास येतो, त्याच्यामागून जिऱ्याचा.

तुम्हाला जायचंय टेम्पोबरोबर. मागे मिरची पावडरीची खोकी, सीलबंद. पूर्वी अशा मालाला इथिलीन ऑक्साइडचा वायू द्यायचे, पण तो विषारी. युरोपनं त्यावर बंदी घातली आणि निर्यातदारांची झोप उडाली. मिरची वाळते अंगणात, उघड्यावर. बुरशी, जंतू, किड्यांची अंडी तिच्यासोबतच येणार. आणि उकळून काढावी, तर वास जातो, रंग जातो. मग उरलं काय?

टेम्पो लांब जात नाही. अणुऊर्जा खात्याच्या ‘ब्रिट’ या संस्थेचं नवंकोरं विकिरण केंद्र वाशीतच आहे. खरं सांगतो, मला हेच भावतं: खाडीपलीकडे ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं कांदे-बटाटे-मसाल्यांवर केलेलं काम, सरकारी पैशातलं, थेट माथाडीच्या पोत्यापाशी येऊन उभं राहिलं.

इथं एकदम शांतता. गोंगाटातून आलेल्या कानांना ती टोचते. जाडजूड काँक्रीटच्या भिंती. त्यांच्याआड कोबाल्ट-60 च्या कांड्या खोल पाण्यात बुडवून ठेवलेल्या, पाण्यात निळसर उजेड. आत माणूस नसतो. खोकी आत सरकतात, कांड्या पाण्यातून वर येतात, गॅमा किरणं पुठ्ठा भेदून पावडरीत शिरतात आणि त्या जंतूंना, अंड्यांना संपवतात.

खोकं बाहेर येतं. हात लावा की! तापलेलं नाही. मिरचीत किरणं शिल्लक राहत नाहीत, दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? खोक्यावरची पिवळी टिकली मात्र लाल झालीय, म्हणजे किरणं लागली. सील तसंच. नाक जवळ न्या: पुठ्ठ्याआडून तोच झणझणीत वास.

चला, परतायचं. डोळे उघडा, पण चोळू नका. हाताला अजून मिरची आहे.