बिबल्याचा पेला, एकादशीची भगर

बिबला हे यवतमाळच्या सागवानी जंगलात सागाच्या सोबतीने वाढणारे झाड. खोडाला घाव घातला की लाल डिंक पाझरतो. संस्कृत ग्रंथांत ते असन किंवा बीजक, काष्ठौषधींच्या दुकानात विजयसार, जंगलात काम करणाऱ्यांच्या तोंडी बिजा. (बिब्बा वेगळा. नावे जवळची असली तरी बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात, त्यामुळे ही गल्लत महागात पडते.) बिबल्याच्या गाभ्याच्या लाकडाचा पेला करायचा, रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी तपकिरी झालेले, उजेडात निळसर झाक मारणारे ते पाणी अनशापोटी प्यायचे, हा मधुमेहावरचा विदर्भातला ओळखीचा उपाय आहे. पाण्याला रंग चढेनासा झाला की पेला बदलतात.

या उपायाची मुळे जुनी आहेत. सुश्रुतसंहितेतल्या सालसारादि या औषधी वनस्पतींच्या गणात असन आहे आणि हा गण कुष्ठ, पांडू आणि प्रमेह (मधुमेह ज्यात मोडतो तो लघवीच्या विकारांचा गट) यांवर सांगितलेला आहे. त्याच गणात मेषशृंगी येते. ही मेषशृंगी म्हणजे बेडकीचा वेल, हिंदीतला गुडमार, असे बहुतेक वैद्य मानतात, मतभेदही आहेत. बेडकीचे पान चघळून गुळाचा खडा तोंडात टाकला तर गूळ वाळूसारखा लागतो. जिभेवरचे गोड मारणारी वनस्पती अंगातली साखरही मारत असेल, हा तर्क त्यातूनच आला असावा. उटकमंडला, म्हणजे आजच्या उटीला, काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने १८८७ मध्ये या पानातले गोडवा मारणारे द्रव्य वेगळे काढले. कारले, कडुनिंब, मेथी, जांभळाची बी या सगळ्यांमागे हाच न्याय दिसतो: रोग गोडाचा, म्हणून औषध कडू नाहीतर तुरट. जांभळाची बी तर इन्सुलिनच्या आधी युरोपातल्या औषधांच्या दुकानांतही विकली जात असे.

पण जुन्या ग्रंथांचा भर झाडपाल्यापेक्षा माणसाच्या बांध्यावर अधिक आहे, आणि पुढच्या सगळ्या इतिहासात विसरली गेली ती नेमकी हीच गोष्ट. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार मोजले. रोगी मात्र दोनच मानले. एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याचे शोधन करायचे, त्याला हलके करायचे, दुसऱ्याला पोसायचे. सुश्रुतानेही जन्मजात प्रमेह आणि कुपथ्याने झालेला प्रमेह वेगळे केले. कुपथ्यवाल्या निर्धन रोग्याला त्याने सांगितलेला उपाय कडक आहे: पायात वहाण नाही, डोक्यावर छत्र नाही, भिक्षा मागत शंभर योजने चालावे. धनिकाला वेगळी सोय, गरिबाला वेगळी. धान्यांत मान जवाला.

यवतमाळ जिल्ह्याच्या ताटात जव कधी मुख्य नव्हताच. होती ती ज्वारी. १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख वऱ्हाडाच्या कापूसपट्ट्यातला. शेतात कापूस आणि ज्वारी, ताटात भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडी. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. पुढे कापसाच्या जोडीला सोयाबीन आले, ज्वारीचा पेरा आटला आणि रेशनच्या गव्हा-तांदळाने भाकरीची जागा घेतली. मधुमेह वाढण्यामागे हे एकच कारण नाही, पण ते बाजूला सारताही येत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सत्तरच्या दशकातल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत दोन टक्क्यांच्या आसपास आणि खेड्यांत दीड टक्का भरले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राचे एकूण प्रमाण ८.४ टक्के निघाले. ‘शुगर’ हा शब्द गावागावात रुळला तो याच काळात.

उपाशी राहून मधुमेह आटोक्यात आणण्याची कल्पना आयुर्वेदात लंघनाच्या रूपाने होती. पाश्चात्त्य वैद्यकात ती वेगळ्या वाटेने आली. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली आणि बुशार्दा या डॉक्टरला आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झालेली दिसली. त्यानंतर चार दशकांनी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीचीच चिकित्सा केली. त्यांच्याकडची मुले काही महिने, क्वचित काही वर्षे जास्त जगत. शेवटी काही जण मधुमेहाऐवजी भुकेने मरत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि ही चिकित्सा मागे पडली. ज्यांच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही त्यांना उपवास तारत नाही, हा धडा त्यातून पक्का झाला.

मराठी घरातला उपवास ही आणखी वेगळीच गोष्ट. तो देवासाठी असतो आणि त्यात खाणे असते. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूतल्या सेलमचे, विसाव्या शतकातले. त्याची खिचडी, रताळे, बटाट्याचा कीस आणि केळी एवढे पोटात गेल्यावर साखर रोजच्यापेक्षा चढते. भगर आणि दाण्याची आमटी त्यातल्या त्यात बरी, पण भगरही पोटभर खाल्ली की हिशेब तोच. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला, आणि अनेक घरांत नवरात्राचे उपवास नऊ दिवस चालतात. म्हणजे मधुमेह्याची परीक्षा एका दिवसावर भागत नाही. जैन कुटुंबांतली पर्युषणातली अठाई नेमकी उलट: आठ दिवस अन्न नाही, उकळलेल्या पाण्यावर राहायचे. पुसद, उमरखेड, दिग्रसकडच्या मुसलमान घरांत रमजानचे रोजे. रोज्यांबद्दल मोजलेली माहिती बरीच आहे. तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेह्यांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. रमजानच्या महिन्यात साखर एकदम उतरून रुग्णालय गाठावे लागण्याचे प्रमाण टाइप २ च्या रोग्यांत साडेसात पटींनी वाढल्याचे तिच्यात दिसले. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणातच आहे, पण ती घेणे अनेकांच्या जिवावर येते. उपवास सोडवत नाही आणि सकाळची गोळी चुकवायची नाही, ही कोंडी एकादशीवाल्या आजीचीही तीच. स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढणाऱ्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर धोका खरा असतो. साबुदाण्याने चढलेली साखर उतरवता येते. उपाशीपोटी गोळीने खाली गेलेली काही वेळा बेशुद्धीपर्यंत नेते.

धर्माबाहेरचा उपवास विदर्भाला नवा नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गांधींचे आहाराचे प्रयोग चालत. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार हे दिवसातून दोनदाच जेवावे असे व्याख्यानांतून सांगत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला: दोनदा जेवण, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. ‘दीक्षित डाएट’ एसटीतल्या गप्पांतही पोचले. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीने अशा विचारांना वेगळ्या बाजूने बळ दिले. दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार काही महिने घेतलेल्या गटात वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. मात्र ते सगळे वजनदार होते, आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि इन्सुलिन कोणी घेत नव्हते. दोनदा जेवण आणि साडेआठशे कॅलरी या एकच गोष्टी नव्हेत, हेही गप्पांत विसरले जाते.

औषधीच्या बाजूला सरकार आणि शास्त्र हळूहळू आले. मध्य प्रांत-वऱ्हाडात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९४७ चा. यवतमाळला आयुर्वेद महाविद्यालय निघाले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९८९ चे. १९५४ च्या जादुई उपायांविषयीच्या कायद्याने ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी घातली, त्यांत मधुमेह आहे. ‘शुगर मुळापासून’ घालवण्याची पत्रके त्यानंतरही थांबली नाहीत. बिबल्याची रीतसर परीक्षा वैद्यक संशोधन परिषदेने घेतली आणि निष्कर्ष १९९८ मध्ये आला: नव्याने निदान झालेल्या ९७ जणांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. निकाल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आजार सौम्य होता आणि दिला होता तो मोजून घेतलेला अर्क, पेल्यातले पाणी नव्हे. पेल्यात रोज किती उतरते हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कारल्याच्या चाचण्या २०१२ मध्ये एकत्र तपासल्या तेव्हा ठोस उपयोग दिसला नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा गेला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी काही रोग्यांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. मधुमेहावरही गुळवेल सर्रास घेतली जाते. उलट बाजूही आहे. युरोपातल्या गॅलेगा या रानझुडपातल्या द्रव्यावरून सुचलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनले, १९५७ मध्ये माणसांवर वापरले गेले, आणि आज मधुमेह्यांसाठी ती पहिली गोळी आहे. गॅलेगाचा पाला कोणी चघळत नाही.

कृश रोग्याकडे लक्ष सगळ्यांत उशिरा गेले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातल्या माता-बालकांच्या अभ्यासातून दाखवले की दिसायला हडकुळ्या भारतीय बाळाच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप ५’ हे नाव मान्य केले. असा रोगी सडपातळ असतो, त्याच्या अंगात इन्सुलिनच कमी बनते, आणि जेवण तोडणे त्याला घातक ठरते. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) किंवा कापूस वेचणाऱ्या किडकिडीत माणसाला शुगर निघाली की शेजारीपाजारी आधी जेवण तोडायला सांगतात. चरकाच्या हिशेबात तो दुसऱ्या रांगेतला, पोसायचा रोगी.