नोंदवहीत नाव काय लिहायचं?

अंबडहून बोलतेय. आज थोडं इतिहासाबद्दल बोलू या. राजेमहाराजांचा इतिहास नाही, नोंदवह्यांचा. मतदार यादी, जनगणना, जन्मदाखला, रेशनकार्ड यांचा. माणसाची ओळख जन्मानंच ठरते असं आपण धरून चालतो. पण त्यातला बराच भाग कुणीतरी कागदावर लिहिलेला असतो. विचारणारा बदलला, प्रश्न बदलला, की ओळखही बदलते.

आपल्या अंबडचंच बघा. एमआयडीसीत कामासाठी खानदेशातून, मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसं आली. एकाच खोलीत राहणारी बाई गावाकडे 'अमक्याची सून' असते आणि कारखान्यात 'हेल्पर'. इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी ती 'बाहेरची', आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर 'कुटुंबप्रमुख'. बाई एकच आहे. समाजशास्त्र हेच सांगतं, की ओळख दगडावर कोरलेली नसते. आपण स्वतःला काय म्हणतो आणि समाज आपल्याला काय म्हणतो, या दोहोंच्या ओढाताणीत ती घडते.

आधी देशाची ओळख घेऊ. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. यादी करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगत. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा, तिथे तर स्वतःचंच नाव परक्या पुरुषासमोर घ्यायची चोरी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की मतदाराचं स्वतःचं नाव असलंच पाहिजे. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची खरी नावं मिळाली नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक जणी यादीतून गळाल्या. बाई जिवंत, घर तेच, देशही तिचाच, पण नाव नाही म्हणून मत नाही.

कायद्यालाही आई दिसायला वेळच लागला. परदेशात जन्मलेल्या मुलाला जन्मामुळे भारताचं नागरिकत्व मिळायचं ते वडील भारतीय असतील तरच. आई भारतीय असून उपयोग नव्हता. १९९२ साली कायदा बदलला आणि १० डिसेंबर १९९२ पासून आईचं नागरिकत्वही मोजलं जाऊ लागलं. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. एका रकान्यासाठी एवढी वर्षं लागली.

आता दुसरी ओळख बघू. गावात माणसाचं खरं नाव मागे पडतं आणि लंगडा, बहिरी, आंधळी हेच नाव होऊन बसतं. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की समाज माणसाच्या एका गोष्टीला डाग ठरवतो आणि मग त्या डागाआड अख्खा माणूस दिसेनासा होतो.

इंग्रजांच्या जनगणनेत १८७२ पासून १९३१ पर्यंत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी मोजले जायचे. स्वातंत्र्यानंतर १९८१चा अपवाद सोडला, तर २००१ पर्यंत हा प्रश्न विचारलाच गेला नाही. २००१ साली महाराष्ट्रात सुमारे १५ लाख ७० हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०११ साली तोच आकडा सुमारे २९ लाख ६३ हजार झाला. दहा वर्षांत माणसं दुपटीनं अपंग झाली का? नाही. आधी पाच प्रकार विचारले होते, नंतर आठ विचारले. प्रश्न नीट विचारला आणि घरात असलेली माणसं कागदावर आली. तरीही मुलीचं लग्न अडेल म्हणून न सांगणारी घरं आपल्याला माहीत आहेतच.

कायद्याचंही तसंच. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती, सगळे त्यात आले. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलनं सांधे धरून बसणारी पोर आधी 'कामचुकार' ठरायची. आता तिच्या दुखण्याला कायद्यात जागा आहे. कुष्ठरोगाचं तर आणखी कठीण होतं. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आनंदवन उभं केलं, रोग बराही होऊ लागला. पण नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते २०१९ साली.

शब्दही बदलत गेले. आधी अपंग, मग विकलांग, २०१५च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवलेला दिव्यांग. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांनीच म्हटलं, आम्हाला दिव्य काही नको, बसमध्ये चढता आलं पाहिजे. माइक ऑलिव्हर हे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ. त्यांचा मुद्दा असा, की माणसाला अडवतात ते पाय नाहीत, पायऱ्या अडवतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी हेच करून दाखवलं. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, अपंग मुलामुलींना शिकवलं, रोजगार दिला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन गटाच्या वाचनालयात जरूर ठेवा.

तिसऱ्या ओळखीबद्दल आपण कुजबुजतच बोलतो. म्हणून आज मोकळेपणानं बोलते. मराठेशाहीत आपल्या मुलखातल्या काही हिजड्यांना वतनं होती, भिक्षेचा परंपरागत हक्क होता. इंग्रजांच्या मुंबई सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो हक्क मानायचं बंद केलं. १८७१ साली उत्तरेकडच्या प्रांतांसाठी जो गुन्हेगार जमाती कायदा आला, त्यात तर संशयावरून त्यांची नावं पोलिसांच्या वहीत चढवायची तरतूद होती. म्हणजे नाव वहीत आलं, पण गुन्हेगार म्हणून. वहीत नाव असणं नेहमीच भल्याचं नसतं. कुठल्या वहीत आणि कशासाठी, हे बघावं लागतं.

२०११च्या जनगणनेत प्रथमच स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय 'इतर' असा पर्याय आला. देशात ४ लाख ८७ हजारांवर आणि महाराष्ट्रात जवळपास ४१ हजार व्यक्ती त्यात नोंदल्या गेल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपण कोण हे ठरवण्याचा हक्क तृतीयपंथी व्यक्तीला स्वतःलाच आहे. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं समलिंगी असलं तरी तो गुन्हा नाही. अशा लग्नाला मात्र आजही कायद्याची मान्यता नाही.

निकाल दिल्लीत लागला, तरी गावात काय झालं? आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं म्हटलं, त्या स्वतःला स्त्री मानतात, तर त्यांना स्त्री म्हणून लढू द्या. त्या लढल्या आणि निवडून आल्या. मतं गावानंच दिली, हे लक्षात घ्या.

या तिन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. वही आपोआप सुधारली नाही. कुणीतरी उभं राहिलं आणि म्हणालं, माझं नाव हे आहे, असं लिहा. आणि नाव लिहून घेतल्यावरही काम संपलं नाही. पायऱ्या होत्या तिथेच होत्या.

म्हणून आपल्या गटाच्या वहीकडे वळू. बचत गटाला साधारण दहा बायका लागतात, पण ग्रामीण जीवनोन्नती अभियानात अपंग व्यक्तींचा गट पाच जणांचाही होतो, आणि त्यात पुरुषही चालतात. तृतीयपंथींच्या गटालाही वाव आहे. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढता येतं, तृतीयपंथी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचा दाखला मिळतो. बैठक माडीवर असेल तर खाली ओट्यावर घ्या. ऐकू न येणारी सभासद असेल तर हिशोब तिला वहीत दाखवा.

आणि येत्या महिन्यात आपल्या आळीत विचारा, कुठल्याच यादीत नाव नाही असं घरात कोण आहे? आत्याबाई असतील, भाची असेल, दाराआड बसलेलं एखादं पोर असेल. सापडलं की घरच्यांना नाही, त्यांनाच विचारा, "नाव काय लिहू?" ते सांगतील तेच लिहा.